आधी मुक्काम, मग ठिकाण: सोलापूरच्या एका कुटुंबाच्या कॅराव्हॅन सहलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना चालवणारं हे कुटुंब. नावं देत नाही, घरातल्या हाकांवरच भागवू. अण्णा पन्नाशीच्या आतले, वहिनी माध्यमिक शाळेत शिक्षिका, ताई नववीत, धाकटा चौथीत, आणि अण्णांच्या आई, ज्यांना अख्खी गल्ली अव्वा म्हणते. अव्वांचं माहेर इंडी तालुक्यातलं. घरात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतं. त्यांचे गुडघे गेलेले आहेत. खाली बसणं जमत नाही आणि सलग दोन तास गाडीत बसलं की पाय सुजतात.

दिवाळीत बोनस वाटून झाला की कारखाना आठवडाभर बंद असतो. वहिनींना आणि मुलांनाही तेव्हाच सुट्टी. म्हणजे भाऊबीजेनंतरचे दिवस एवढंच माप हातात होतं. त्या वर्षी अण्णांच्या डोक्यात कॅराव्हॅन बसली होती. गाडीतच झोपायचं, गाडीतच चहा करायचा, सोबत दोन तंबू न्यायचे. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आलं, तेव्हापासून हे खूळ होतं असं वहिनी म्हणतात.

माझा संबंध एवढाच, की ओळखीतल्या लोकांच्या सहलींचे नकाशे आखून देणं हा माझा जुना उद्योग आहे. या सहलीचे निर्णय मी जवळून पाहिले, आणि त्यातले काही इतरांच्या कामी येतील म्हणून हे लिहितो आहे.

अडचण

अण्णा पहिल्यांदा आले ते यादी घेऊन. गणपतीपुळे, तारकर्ली, महाबळेश्वर, भंडारदरा, हंपी. प्रश्न होता, यातलं कुठलं निवडू? मी उलट विचारलं की रात्री गाडी कुठं उभी करणार? त्याला उत्तर नव्हतं. हॉटेलात राहणाऱ्यानं ठिकाण ठरवलं की खोली आपोआप मिळते, पैशाचाच काय तो प्रश्न. कॅराव्हॅनवाल्याला सपाट आणि टणक जमीन लागते, पंधरा अँपिअरचा चालू प्लग लागतो, टाकी भरायला नळ लागतो, संडासाची कॅसेट, म्हणजे कमोडखालची काढता येणारी टाकी, रिकामी करायला खराखुरा संडास लागतो, आणि रात्री बारा वाजता येऊन हाकलणार नाही असा जागामालक लागतो. परदेशात यासाठी कॅराव्हॅन पार्क असतात. सोलापूरपासून एका दिवसाच्या टप्प्यात चालू स्थितीतला असा पार्क या कुटुंबाला सापडला नाही. म्हणजे प्रत्येक मुक्काम स्वतः उभा करणं आलं.

दुसरी अडचण सोलापूरचीच. इथं कॅराव्हॅन भाड्यानं मिळाली नाही, ती पुण्याहून आणायची. पुणे ते सोलापूर अडीचशे किलोमीटर, रिकामी येणार, रिकामी जाणार. भाडं दिवसावर, त्यात किलोमीटर ठरलेले, त्यापुढं दर किलोमीटरला वेगळे पैसे. सहल सुरू होण्याआधीच पाचशे किलोमीटरचं मीटर पडलेलं.

कोणते पर्याय तोलले

कोकण सगळ्यांनाच हवं होतं. पण रत्नागिरी आपल्यापासून साडेतीनशे किलोमीटरच्या वर, मध्ये आंबा घाट. ते एकवेळ दोन टप्प्यांत जमलं असतं. खरी मेख हवेत होती. किनाऱ्यावर नोव्हेंबरातही रात्री दमट असतं, आणि पत्र्याच्या डब्यात माणसं झोपायची म्हणजे एसी आलाच. आता हिशेब पाहा. बारा व्होल्टची दोनशे अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर २.४ युनिट वीज. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे हाताशी १.२ युनिट. दीड किलोवॅटचा एसी त्यावर तासभरही चालत नाही. मग रात्रभर बाहेरचा प्लग हवा, म्हणजे होमस्टेच्या अंगणातच जायचं. आणि तिथं जायचंच तर मग होमस्टेची खोली काय वाईट?

पठारावर हे गणित बदलतं. आपल्याकडं, विजापूर-बागलकोट पट्ट्यात, दिवाळीनंतर रात्री कोरड्या असतात. छोट्या पंख्यावर आणि उघड्या खिडकीवर झोप लागते, आणि पंख्याला बॅटरी पुरते. कॅराव्हॅन म्हटलं की समुद्र डोळ्यांपुढं येतो, पण या गाडीला आपला कोरडा मुलूख जास्त मानवतो. हे अण्णांना पटायला मला दोन चहा लागले.

महाबळेश्वर लगेच सुटलं. दिवाळीच्या सुट्टीत पसरणी घाटातली रांग आणि वर गाडी लावायची मारामार, वर अव्वांच्या गुडघ्यांना थंडी. कासची फुलंही ऑक्टोबरात संपलेली असतात. भंडारदरा पुण्याच्याही पलीकडं, गेलं.

उजनीचं पाणलोट धाकट्यानं सुचवलं, त्याला रोहित पक्षी पाहायचे होते. जवळ आहे, रस्ता चांगला आहे. पण पावसाळ्यानंतर धरण भरलेलं असताना भिगवणला चिखलाचे उथळ काठ पाण्याखाली असतात. पाणी उतरलं की पक्षी चरायला येतात, जानेवारीपासून पुढं चांगले दिसतात. नोव्हेंबरात जाऊन त्याचा हिरमोड झाला असता.

हंपी ताईची मागणी, आणि रास्त. सोलापूरहून तीनशेच्या आसपास. पण अव्वांमुळं आम्ही दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटरची मर्यादा घातली होती. हंपी धरलं की जाण्यायेण्यातच सुट्टी संपते. शिवाय तुंगभद्रेपलीकडं विरुपापूर गड्डीला तंबू-झोपड्यांचे मुक्काम होते, अशा आठवणी अण्णांच्या मित्रानं सांगितल्या होत्या. त्या जुन्या. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०२० साली ती बांधकामं पाडली गेली. दहा वर्षांपूर्वीच्या आठवणींवर मुक्काम ठरवू नये, याचं हे चांगलं उदाहरण.

उरला तो विजापूर, अलमट्टी, कूडलसंगम, ऐहोळे, पट्टदकल, बदामी असा मार्ग. टप्पे छोटे, एकही घाट नाही, आणि अव्वांना अस्खलित कन्नड येतं. शेवटचा मुद्दा कागदावर किरकोळ वाटतो, पण अनोळखी गावात "इथं रात्री थांबू का?" हे एखाद्या म्हातारीनं त्यांच्या भाषेत विचारणं आणि टी-शर्टातल्या अण्णांनी हिंदीत विचारणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एक पर्याय कुणीच मोठ्यानं बोलत नव्हतं, म्हणून मीच टेबलावर ठेवला. कॅराव्हॅन नकोच. घरची सात आसनी गाडी, दोन तंबू, अव्वांसाठी वाटेत एक-एक खोली. हा मार्ग जाऊन-येऊन पाचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सहल जेवढी, तेवढीच कॅराव्हॅन पुणे-सोलापूर रिकामी धावणार. पैशाच्या हिशेबात घरची गाडी सरळ जिंकत होती. निर्णय फिरला तो अव्वांच्या एका वाक्यानं: "वाटेत मला संडासाची सोय नसते म्हणून मी सकाळपासून पाणीच पीत नाही." वहिनींनी हे ऐकलं आणि विषय संपवला. कॅराव्हॅन घ्यायची ती त्यातल्या कमोडसाठी आणि अव्वांना चालत्या प्रवासात दुपारी थांबून आडवं होता यावं म्हणून. माझ्या मते एवढं स्वच्छ कारण असेल तरच जास्तीचे पैसे घालावेत.

गाडी ठरवताना

पहिली गाडी स्वस्त मिळत होती. नंबरप्लेट पांढरी. मालक म्हणाला, "पोलिसांनी विचारलं तर मित्राची आहे म्हणा." खासगी नोंदणीची गाडी भाड्यानं फिरवणं बेकायदा आहेच, पण अपघात झाला तर विमा कंपनी नेमकं तेच कारण पुढं करते. राज्याची हद्द ओलांडायची होती म्हणून पिवळ्या पाटीची आणि ऑल इंडिया टूरिस्ट परमिट असलेली गाडी घ्यायची ठरली. महाग पडली. इथं घासाघीस करू नये असं माझं ठाम मत आहे.

स्वतः चालवायची की ड्रायव्हरसह? हलक्या वाहनाच्या (एलएमव्ही) परवान्यावर साडेसात टनांपर्यंतचं वाहन चालवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे, त्यामुळं परवान्याची अडचण नव्हती. पण अण्णांना एवढ्या उंच गाडीची सवय नाही. रेल्वेखालच्या बोगद्याशी उंचीचा आडवा खांब दिसला की एसीची पेटी टपावर आहे हे आठवायला लागतं. ड्रायव्हर घेतला. घेतल्यावर लक्षात आलं, तो झोपणार कुठं? गाडीत चार जागा, त्यातल्या दोन वरच्या, जिथं अव्वा चढू शकत नाहीत. शेवटी खाली अव्वा आणि वहिनी, वर ताई, एका तंबूत अण्णा आणि धाकटा, दुसऱ्या तंबूत ड्रायव्हरमामा, असं ठरलं. पुण्याच्या मालकानं "तो पुढच्या सीटवर झोपतो, सवय आहे" असं सांगितलं होतं. दिवसभर गाडी चालवणारा माणूस सीटवर झोपवणं मला माणुसकीच्या आणि सुरक्षिततेच्या, दोन्ही दृष्टींनी पटत नाही.

सराव

निघायच्या दोन आठवडे आधी मोहोळजवळच्या नातेवाइकांच्या शेतात नुसत्या तंबूंची एक रात्र काढली. त्यातून फार उपयोगी गोष्टी कळल्या. पहाटे दव पडून तंबूच्या आतल्या बाजूला पाणी धरतं, म्हणून वरची खिडकी उघडी हवी. उसाच्या बांधालगत तंबू लावायचा नाही, तिथं उंदीर आणि उंदरांमागं साप. मण्यार रात्री अंथरुणात शिरते, त्यामुळं तंबूची चेन कायम बंद आणि बूट आत. धाकट्याला रात्री एकट्यानं बाहेर जायची भीती वाटते, हेही कळलं. आणि सोलापुरी चादर ही स्लीपिंग बॅगेपेक्षा सरस ठरली, खाली एक, वर एक.

पाण्याचं शिकवावं लागलं नाही. नळाला कित्येक दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात वाढलेल्या माणसांना शंभर लिटरची टाकी म्हणजे चैन. नियम एकच केला, आंघोळ मुक्कामाच्या ठिकाणी बादलीनं, टाकीचं पाणी हातपाय, भांडी आणि कमोडपुरतं.

दुसरा नियम रस्त्याचा. नोव्हेंबरात गाळप सुरू झालेलं असतं. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रात्री मागच्या दिव्याशिवाय चालतात, सोलापूर जिल्ह्यात तसंच बागलकोटातही. दिवस सहाच्या आत मावळतो. म्हणून पाचला चाकं थांबलीच पाहिजेत, मग ठिकाण बघून झालेलं असो वा नसो.

प्रत्यक्ष काय झालं

मंगळवारी निघाले. विजापूरला गोल घुमट पाहून तिथंच एका हॉटेलच्या आवारात मुक्काम. खोली एक घेतली, ती आंघोळीसाठी आणि कॅसेट रिकामी करण्यासाठी. रात्रभर ट्रकचे हॉर्न. कुणाला धड झोप नाही.

बुधवारी अलमट्टीचं धरण करून कूडलसंगम. कृष्णा आणि मलप्रभेचा संगम, बसवेश्वरांचं ऐक्यस्थान. भक्तनिवासाच्या मोकळ्या आवारात अव्वांनी स्वतः जाऊन परवानगी काढली. बदामीची लेणी बाकीच्यांची, ही सहल खरी त्यांची इथं झाली, असं वहिनी सांगतात. सकाळी त्या कुणालाही न उठवता दर्शन घेऊन आल्या होत्या.

गुरुवारी प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आला. मुक्काम अमीनगडजवळ, अण्णांच्या ओळखीच्या सूत व्यापाऱ्याच्या भावाच्या शेतात. जागा देखणी, विहीर, कडुनिंब, माणसं अगत्याची. करदंट, म्हणजे डिंक-सुक्यामेव्याची मिठाई, आणि भाकरी आल्या. तंबू लागले, गाडी कडेला काळ्या रानात उभी राहिली. संध्याकाळी पूर्वेला ढग भरून आले. ड्रायव्हरमामा म्हणाले, "अण्णा, गाडी मुरमाच्या वाटेवर घेऊ. काळ्या रानात रात्री पाऊस आला तर सकाळी ट्रॅक्टरच लागतोय."

अण्णांना ते नको होतं. वाट तीनशे पावलं लांब, मध्ये अंधार, अव्वांना आणि वहिनींना तंबूंपासून दूर झोपावं लागणार. यजमानालाही वाटलं, पाऊस येत नाही, आला तर आमचा ट्रॅक्टर आहेच. दोन्ही बाजूंना तथ्य होतं. अण्णांनी मला फोन केला, मी एवढंच विचारलं की अव्वांना रात्री काही झालं तर गाडी लगेच निघायला हवी की नको? गाडी हलली, आणि तंबूही उचलून वाटेच्या कडेला आणले. धाकटा रडला.

पाऊस आला नाही. चार थेंब पडून ढग सरकले. सकाळी अण्णांनी फोनवर थोड्या घुश्शातच सांगितलं, "उगाच हलवलं." मला ते उगाच वाटत नाही. निर्णय त्या वेळी हातात असलेल्या माहितीवर जोखायचा असतो. चार टनांच्या आसपासची गाडी, काळी माती, दाटलेलं आभाळ आणि गाडीत सत्तरी ओलांडलेली बाई, एवढ्या माहितीवर अर्ध्या तासाची गैरसोय स्वस्त होती. मात्र एक खरं, हा निर्णय संध्याकाळी पाचला, तंबू लावण्याआधी जमीन पाहून व्हायला हवा होता. चाकं थांबताच पाहायचं ते पायाखाली, कडुनिंब नंतर.

शुक्रवारी ऐहोळे. पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद, ताईचा चेहरा पडला. दुर्ग मंदिराच्या आवारात आणि नंतर पट्टदकलला मात्र अव्वा आरामात हिंडल्या, दोन्हीकडं जमीन सपाट आणि हिरवळ. पट्टदकल १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि तिथली वाटही म्हाताऱ्या माणसाला झेपण्यासारखी आहे.

बदामीत दोन रात्री, गावाबाहेरच्या एका होमस्टेच्या फरशी घातलेल्या अंगणात. लेण्यांच्या पायऱ्या अव्वांना जमणार नव्हत्या, त्या आणि वहिनी अगस्त्य तीर्थाच्या काठानं भूतनाथ मंदिरापर्यंत गेल्या. ताईनं तिसऱ्या लेण्यातला मंगलेशाचा लेख शोधून काढला, शके ५००, म्हणजे इसवी सन ५७८. तिच्या मते हंपीची भरपाई त्यातच झाली, वडिलांना बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल तर माहीत नाही. माकडांनी पार्किंगमधून शेंगाचटणीचा डबा पळवला. कडक भाकऱ्या मात्र वाचल्या, त्यांच्यावरच पुढचे दोन वेळ भागले.

रविवारी बदामी ते सोलापूर सव्वादोनशे किलोमीटर एका दिवसात. शंभर-सव्वाशेची मर्यादा इथं मोडली. अव्वांचे पाय घरी पोचेपर्यंत सुजले होते, दोन दिवस त्या पलंगावरच होत्या.

निष्पत्ती, आणि वेगळं काय करता आलं असतं

अव्वांनी सहाही दिवस पोटभर पाणी प्यायलं. ज्या कारणासाठी गाडी घेतली ते साधलं. खर्च घरच्या गाडीच्या हिशेबापेक्षा बराच जास्त झाला, आणि तो होणार हे आधीच ठाऊक असल्यानं त्यावरून घरात भांडण झालं नाही.

क्रम उलटा हवा होता. पहिल्या दिवशी सगळे ताजे असतात, तेव्हा मधे लांब विसावा घेऊन थेट बदामी गाठता आली असती. मग परतताना टप्पे लहान होत गेले असते आणि शेवटची रात्र विजापूर, घरापासून शंभर किलोमीटरवर. विजापूरचा मुक्कामही हमरस्त्यापासून आत घ्यायला हवा होता, खोलीची चौकशी झाली, आवाजाची कुणी केली नाही.

ऐहोळेचा शुक्रवार टाळणं सोपं होतं, निघायचा दिवस एकानं पुढं केला की झालं. पण निघाल्यापासून सात दिवसांनी कार्तिकी येणार होती आणि अण्णांना कारखाना त्याआधी सुरू करायचा होता. मुळात भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवशी निघाले असते तर सगळंच सैल झालं असतं.

वहिनींचं मत मला सगळ्यात मोलाचं वाटतं. त्यांनी आधीच ठरवलं होतं की शेगडी फक्त चहाला आणि अव्वांच्या काढ्याला, बाकी कडक भाकरी, चटणी आणि वाटेतलं जेवण. दुसऱ्या दिवशी अण्णांना संगमावर पिठलं हवंसं झालं, तिसऱ्या दिवशी मुलांना पोहे, आणि मग ते रोजचंच झालं. "हॉटेलात मी पाहुणी असते. त्या गाडीत मी ओट्यापाशीच होते, फक्त ओटा हलत होता," असं त्या म्हणाल्या. पुढच्या वेळी स्वयंपाकाच्या पाळ्या कागदावर लिहून त्यावर अण्णांची सही घ्यायची, असं त्यांनी ठरवलं आहे.

अण्णांना पुन्हा कॅराव्हॅन हवी आहे, वहिनींना नको. जानेवारीत सोलापूरची गड्ड्याची यात्रा आटोपली की उजनीला जायचं यावर दोघांचं एकमत झालं आहे, घरची गाडी आणि दोन तंबू घेऊन, शनिवार-रविवारपुरतं. अव्वा येणार नाहीत, त्यांनी कूडलसंगमला परत न्यायचं वचन मुलाकडून घेतलं आहे, आणि त्यासाठी गाडी कुठली आणायची हे ते दोघं अजून ठरवताहेत.